अष्टमीची सुट्टी

परवा तुझ्या शाळेचा कागद आला. म्हणजे तू तो फोनवर पाठवलास आणि मी तो बोटांनी मोठा करून, चष्मा पुसून, दोनदा वाचला. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत घ्या. महामारीच्या आधी, महामारीत आणि नंतर त्यांच्या व्यायामात काय फरक पडला ते विचारा. खाली रकाने. रोज किती वाजता? आठवड्यातून किती दिवस? मनःस्थिती, एक ते पाच यांपैकी एका आकड्यात.

मी तुला दोन मिनिटांत उत्तर दिलं. आधी आम्ही बाहेर चालायचो, मग घराच्या आवारात चाललो, मग पुन्हा बाहेर. मनःस्थिती ठीक, चार लिही. तू लिहून घेतलंस. मागून तुझा भाऊ ओरडला, "आजोबांचं पण विचार ना!" आणि आजोबा झोपाळ्यावरून म्हणाले, "माझे सगळे आकडे लिही. एकही सोडू नकोस."

तुम्ही दोघं हसलात आणि फोन बंद झाला. मला मात्र दिवसभर वाटत राहिलं की मी पेपर अर्धवट सोडवून उठले. सदतीस वर्षं शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवताना मुलांना सांगत आले, वेळ उरला असेल तर उत्तर पुन्हा वाचा. माझ्याकडे आता वेळच वेळ आहे. म्हणून हे सविस्तर उत्तर. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हांला सोपं गेलं असतं, पण ही गोष्ट घडली मराठीत. आईकडून वाचून घ्या.

महामारीच्या आधी आमच्या घरात दोन तऱ्हेचं चालणं होतं. माझं सकाळी साडेसहाला. रबरी तळाचे बूट, डांबरी रस्ता, गावाबाहेरच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, चाळीस मिनिटं. शेजारच्या दोघी बरोबर असायच्या. गप्पा मारायला हरकत नव्हती, फक्त वेग कमी करायचा नाही. समुद्र घरापासून सात मिनिटांवर आहे, पण वाळूत चालणं मला कधी पटलं नाही. वाळू बुटात जाते.

आजोबांच्या चालण्याला वेळच नव्हती. आज सहाला, उद्या पावणेसातला, परवा साडेसातला. लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी चिडायचे, मग सवय झाली. ते बंदर खात्यात होते. आगरदांड्याच्या जेट्टीवर बरीच वर्षं काढली. लाँच कधी सुटणार, धक्क्याला पाणी किती, यातच जन्म गेला. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता; पौर्णिमा-अमावास्येला मात्र सरळ बारा धरायचे. भरतीच्या सहा तास आधी किंवा सहा तासांनंतर ओहोटी. मी तुझ्या आईला पाढे शिकवत होते त्या वयात त्यांनी तिला हा हिशेब शिकवला होता. विचार तिला, अजून येत असेल.

त्यांचं चालणं ओहोटीवर ठरायचं. ओहोटीला ओली वाळू फरशीसारखी घट्ट होते आणि खाडीच्या तोंडापासून सुरूच्या बनापर्यंत सरळ चालता येतं. भरतीला पाणी सुरूच्या मुळांशी येतं, मग कुठे चालणार? बरोबर आणखी तिघे निवृत्त. एक तालुक्याच्या कचेरीतले कारकून, एक बोटीचे तांडेल, आणि एक आमच्या गावचे पोस्टमन, जे आजोबांचे पहिलीपासूनचे वर्गमित्र. चालून झालं की चौघं बनाजवळच्या कट्ट्यावर बसायचे आणि इतक्या मोठ्याने बोलायचे की माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, तुमच्याकडचं मंत्रिमंडळ बसलेलं दिसतं.

या मंत्रिमंडळाचा एक नियम होता. षष्ठी-सप्तमीपर्यंत ते टोप्या घालून उन्हातही चालायचे, पण अष्टमी-नवमीला ओहोटी बरोबर डोक्यावर ऊन असताना यायची. म्हणून त्या दोन दिवशी सुट्टी. दशमीपासून मग दुपारच्या चहानंतर, पाणी पुन्हा चढायच्या आत. पंधरवड्यातून दोन सुट्ट्या, महिन्याला चार. मी म्हणायचे, सरकारी नोकरी सुटली पण सुट्ट्या काही सुटल्या नाहीत.

मग सगळंच बंद झालं. गावाच्या वेशीवर आडवा बांबू बांधला, किनाऱ्यावर जायला बंदी आली, मांडव्याच्या बोटी थांबल्या. पहिले पंधरा दिवस खरं सांगायचं तर मजेचे होते. मी ताबडतोब वेळापत्रक केलं आणि ते फ्रिजवर लावलं. साडेसहाला योगासनं. तुझ्या आईने तिकडून फोनवर वर्ग सुरू केला होता. तिची रात्र, आमची सकाळ. आमचा फोन डब्याला टेकवून ठेवलेला असायचा आणि तो हळूहळू घसरायचा, त्यामुळे महिनाभर तुझ्या आईने आमचा पंखा फार जवळून पाहिला. एकदा तिने "श्वास रोखून धरा" म्हटलं आणि नेटवर्क गेलं. मी बाजूला पाहिलं तर आजोबा लाल झालेले. मी म्हटलं, "अहो, सोडा!" तर एक बोट वर करून मला थांबवलं आणि मग फुस्स करून म्हणाले, "तिने सांगितलं नव्हतं."

तेव्हा ते असे होते, हे मुद्दाम लिहून ठेवते.

जूनमध्ये वादळ आलं. वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, कौलं उडाली, महिनाभर वीज नव्हती. त्या महिन्यात व्यायामाची कमी नव्हती. विहिरीचं पाणी हाताने ओढायचं, झावळ्या गोळा करायच्या, पडलेल्या पोफळींवरून पाय टाकत जायचं. आजोबा थकायचे आणि रात्री घोरायचे. मी त्याबद्दल तक्रार करायचे, ते आता आठवलं की गंमत वाटते.

पावसाच्या मध्यावर पोस्टमन गेले. मुंबईला मुलीकडे डोळ्याच्या ऑपरेशनला म्हणून गेले होते, तिथेच अडकले आणि तिथेच त्यांना हा आजार झाला. फोन आला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. आजोबांना जाता आलं नाही. आयुष्यभर ज्याने गावातल्या घराघरात बातम्या पोहोचवल्या त्याची बातमी आम्हांला फोनवर अर्ध्या मिनिटात कळली.

त्यानंतर आजोबांनी तिथी बघणं सोडलं.

मला ते लगेच लक्षात आलं नाही. आधी जाणवलं ते झोपाळ्याचं. ओसरीवरचा आमचा झोपाळा तुम्हांला माहीत आहे. कड्या कुरकुरतात म्हणून तुम्ही दोघं त्याला म्हातारा म्हणता. आजोबा त्याच्यावर बसायचे आणि झोपाळा हलायचा नाही. माणूस झोपाळ्यावर बसून पाय जमिनीला घट्ट लावून ठेवतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. जेवण अर्धं. रेडिओ बंद. रात्री जाग, दिवसा डुलकी. विचारलं तर "काही नाही." या आजाराला तुमच्या भाषेत नाव आहे आणि माझ्याही. मी ते डॉक्टरांना फोनवर सांगितलं, घरात उच्चारलं नाही. डॉक्टरांनी झोपेची एक हलकी गोळी दिली आणि म्हणाले, त्यांना बाहेर काढा, चालू द्या, माणसांत जाऊ द्या.

दिवाळीनंतर किनारा उघडला. कारकून आणि तांडेल पुन्हा चालायला लागले. दोघंही फाटकाशी येऊन हाक मारून गेले. आजोबांनी ओसरीवरून हात हलवला आणि आत गेले. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. या माणसाने फाटकाबाहेर पाऊल टाकावं. बाकी काही नको.

फाटकाबाहेर नाही तर निदान फाटकाच्या आत, म्हणून मी वाडीत वाट आखली. घराच्या मागून निघायचं, चिकूच्या झाडाला वळसा, पाण्याचे दोन पाट ओलांडायचे, विहिरीच्या मागून परत. एकशे वीस पावलं. रोज सकाळी साडेसहाला वीस फेऱ्या. हिशेबासाठी विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर दोन वाट्या ठेवल्या. एकीत वीस सुक्या सुपाऱ्या. एक फेरी झाली की एक सुपारी दुसऱ्या वाटीत.  आजोबा साडेसहाला उठून मागच्या दाराने जायचे. मी स्वयंपाकघरात असायचे. सातला बघावं तर सगळ्या सुपाऱ्या दुसऱ्या वाटीत. मी मनात स्वतःची पाठ थोपटायचे.

आमच्याकडे एक मासेवाली कोळीण येते. तुम्ही तिला पाहिलंय, ती तुझ्या भावाला "गोरा पापलेट" म्हणते. पंचवीस वर्षं ती डोक्यावर पाटी घेऊन कोळीवाड्यापासून आमच्या आळीपर्यंत चालत येते. मला बाई म्हणते, आजोबांना बाबा. टाळेबंदीत तिचंही येणं बंद झालं होतं. पुन्हा यायला लागली तेव्हा फाटकाबाहेर पाटी उतरवून पहिलं वाक्य बोलली, "बाई, तुमी मंडळी चालायला चालता. मी मासं इकायला चालते. पन घरात बसली नि कळला, मी पन चालायलाच चालत होती. पाटी डोक्यावर न्हाय तं रातची झोप न्हाय!"

मग तिची नजर ओसरीकडे गेली. "बाबा, झोपाळा हलत न्हाय, तुमी हलत न्हाय. घर हाय का फोटो?"

आजोबा किंचित हसले. मी म्हटलं, "हलतात गं. रोज सकाळी वीस फेऱ्या मारतात वाडीत."

तिने आजोबांच्या पायांकडे पाहिलं. ती मासे पाहते तसं पाहिलं, म्हणजे कल्ला उचलून. "व्हय?" एवढंच म्हणाली.

त्या "व्हय?" ने माझी झोप उडवली. दुसऱ्या दिवशी सात वाजता मी वाट्या नाही बघितल्या, दाराशी काढलेल्या चपला बघितल्या. वाडीला पाणी सोडण्याचा दिवस होता, दोन्ही पाट वाहत होते, आणि चपला कोरड्या. मी शाळेत कॉप्या पकडलेली बाई. तिसऱ्या दिवशी वाटीत चाळीस सुपाऱ्या टाकल्या. पंधरा मिनिटांनी गेले तर चाळीसही पलीकडे, आणि आजोबा धुण्याच्या दगडावर बसून विहिरीकडे बघत होते.

"चाळीस फेऱ्या? पंधरा मिनिटांत?"

"वारा पाठीमागून होता," ते म्हणाले.

मला हसू आलं आणि त्याच वेळी रागही आला. "अहो, मला फसवून काय मिळतं तुम्हांला?"

त्यांनी एक सुपारी उचलून पुन्हा वाटीत टाकली. मग म्हणाले, "तू सुपाऱ्या बघून खूश होतेस. मग तुझी सकाळ बरी जाते."

मी वाट्या उचलून आत आणल्या आणि वेळापत्रक फ्रिजवरून काढलं. मला काय करावं ते सुचत नव्हतं, आणि न सुचणं ही गोष्ट मला सवयीची नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, एप्रिलमध्ये, आजाराची दुसरी लाट आली. मला दोन दिवस कणकण होती, पण ती मी मोजत नव्हते. कोळीण सुके बोंबील घेऊन आली. मी पाटीवर वाकून म्हटलं, "हे चांगले वाळलेले दिसत नाहीत. वासच नाही."

तिने एक बोंबील उचलून स्वतःच्या नाकाशी धरला, मग हात लांब करून माझ्या नाकाशी. "आता?"

"नाही."

ती चार पावलं मागे सरकली. "बाई, बोंबलाला वास न्हाय, असा बोंबील देवानं न्हाय केला. तुमाला झालाय तो! बाबा, ओ बाबा, बाईंना वर नेऊन ठेवा!"

तपासणीचा निकाल दोन दिवसांनी आला. कोळिणीचा दोन मिनिटांत आला होता.

आजोबांची तपासणी झाली, ते सुटले. मी माडीवरच्या खोलीत. बारा फूट बाय दहा, एक खाट, एक खिडकी वाडीकडे. जाताना मी वही, पेन, ताप मोजायची नळी आणि बोटाला लावायचा चिमटा घेतला. पहिले दोन दिवस वहीत सगळं लिहिलं: ताप, प्राणवायू, खोलीतल्या फेऱ्या, दीर्घ श्वास. तिसऱ्या दिवशी लिहिलं, "ताप शंभर." चौथ्या दिवसाचं पान कोरं आहे. पाचव्याचंही.

हे तुला फोनवर सांगितलं नव्हतं. मी, जिने दुसऱ्यांना चालायला लावण्यासाठी सुपाऱ्या मोजल्या, ती खाटेवर पडून छताची कौलं मोजत होती आणि मोजताना चुकत होती. अंगात ताकद नव्हती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. केस विंचरायचे कशाला, असं वाटायचं. तुझ्या आईचा फोन वाजायचा आणि मी तो वाजू द्यायचे. आजोबा जिन्याच्या वरच्या पायरीवर पेज ठेवून हाक मारायचे. "घेतलीस का?" मी म्हणायचे, "घेते." आणि ती तशीच गार व्हायची. त्यांचं ते "काही नाही" मला आता आतून कळलं. खरंच काही नसतं. सांगायला, उठायला, बघायला.

सहाव्या दिवशी सकाळी खिडकीखालून आवाज आला. "अगं!"

मी कूस बदलली.

"अगं, खिडकीत ये."

"कशाला?"

"मी फेऱ्या मारतोय. तू बघितलं नाहीस तर मी खोटं मोजीन."

मी पडून राहिले. खाली चपलांचा आवाज सुरू झाला, लांब गेला, परत आला. मग वाटीत काहीतरी पडल्याचा टणटण आवाज. एक. पुन्हा एक. पुन्हा एक. पुन्हा एक. चालण्याच्या आवाजाशिवाय.

"अहो, लबाडी!" मी आतून ओरडले.

"सांगितलं होतं ना!"

तेव्हा मी उठले. भिंत धरून खिडकीशी गेले. आजोबा खाली उभे होते, तोंडाला मास्क, हातात सुपारी. त्यांनी चारही सुपाऱ्या मला दाखवून पहिल्या वाटीत परत टाकल्या आणि चालायला लागले. विहिरीच्या मागे ते दिसेनासे व्हायचे. त्या वेळात काय करायचं म्हणून मी खिडकीपासून दारापर्यंत गेले आणि परत आले. मी परत येईपर्यंत ते विहिरीमागून बाहेर पडायचे. ते एकशे वीस पावलं, मी आठ. त्या दिवशी त्यांनी सहा फेऱ्या केल्या आणि मी तीन, मग मी स्टूल ओढून बसले. वहीत लिहिलं, "पावणेसात. त्यांच्या ६, माझ्या ३." आणि पेज प्याले.

दुसऱ्या दिवशी मी साडेसहाला केस विंचरून खिडकीत. पत्ता नाही. पावणेसात, सात, सव्वासात. मला वाटलं, झालं, एका दिवसाचा उत्साह. साडेसातला चपला वाजल्या.

"अहो, साडेसहा म्हणजे साडेसहा!"

"हो हो," म्हणाले आणि चालायला लागले.

तिसऱ्या दिवशी सव्वाआठला. चौथ्या दिवशी नऊला. रोज उशीर, आणि रोज फेऱ्या मात्र वाढत गेलेल्या. दहा, बारा, पंधरा. मी वरून करवादायचे, ते खालून "हो हो" करायचे. मधेच विहिरीशी थांबून एखादी बातमी द्यायचे. चिकू लागलेत. कोळिणीने तुझ्यासाठी करंदी दिली आहे, पण तुला चव लागणार नाही म्हणून मीच खाल्ली. मी म्हणायचे, बोलायचं तर वेग कमी न करता बोला. पाचव्या दिवशी पावणेदहा, सहाव्या दिवशी साडेदहा, सातव्या दिवशी सव्वाअकरा. मी वेळा वहीत लिहीत होते, कारण खाली उतरल्यावर याबद्दल बोलायचं ठरवलं होतं.

आठव्या दिवशी ते आलेच नाहीत.

सव्वाअकराला मी खिडकीत. साडेअकरा. बारा. ऊन वाडीत सरळ उतरलं, पाट चमकायला लागले, वाट रिकामी. तोपर्यंत गावातून रोज कुणाचं तरी काहीतरी ऐकू येत होतं, त्यामुळे मनात नको ते सगळं येऊन गेलं. त्यांना ताप आला असेल. किंवा ते पुन्हा तसे झाले असतील. दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी होती. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली. "अहो!"

उत्तराआधी दुसराच आवाज ऐकू आला. कुर्र. कुर्र. झोपाळ्याच्या कड्या.

"काय गं?"

"आज आला नाहीत!"

"आज?" झोपाळा थांबला नाही. "आज अष्टमी."

मी तिथेच वरच्या पायरीवर बसले. मग उठून वही आणली. पावणेसात, साडेसात, सव्वाआठ, नऊ, पावणेदहा. दर दिवशी पंचेचाळीस मिनिटं पुढे. प्रतिपदा, द्वितीया, तृतीया. सदतीस वर्षं मी फळ्यावर चंद्र काढून भरती-ओहोटी शिकवली आणि सात दिवस ती माझ्याच खिडकीखालून चालत गेली तरी ओळखली नाही. किनारा पुन्हा बंद झाला होता, त्यांनी समुद्र महिनोन् महिने पाहिलेला नव्हता, आणि हा माणूस विहिरीभोवती ओहोटीच्या वेळेला चालत होता.

माझी चूक मला तेव्हा कळली. मी त्यांना चालायला लावत होते माझ्या घड्याळावर. ते कधीच घड्याळावर चालले नव्हते.

"म्हणजे उद्या नवमीलाही सुट्टी?" मी विचारलं.

"अर्थात. नियम आहे," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "दशमीला चहा झाल्यावर. तू तयार राहा."

दशमीला माझे चौदा दिवस भरले. खिडकीतून बघण्याऐवजी मी जिना उतरून धुण्याच्या दगडावर येऊन बसले आणि सुपाऱ्या माझ्या हाताने टाकल्या. एक लक्षात आलं, त्यांच्या चपला पाटातून जाताना पचपच वाजत होत्या. मी चपलांबद्दल कधीच काही बोलले नव्हते, पण त्यांनी माझ्याकडे बघून एक पाय मुद्दाम पाण्यात आपटला.

फाटकाबाहेर चला, असं मी म्हटलं नाही. शिकले होते. चतुर्दशीला दुपारी कॅलेंडरसमोर उभी राहून फक्त मोठ्याने म्हटलं, "उद्या पौर्णिमा. सकाळी ओहोटी किती वाजता?"

"सहा." ते थांबले. "साधारण साडेसहापर्यंत वाळू चांगली."

"म्हणजे माझी वेळ."

"हो. पंधरा दिवसांतून एकदा तुझी वेळ बरोबर येते."

किनारा बाहेरच्यांसाठी बंद होता. गावातलं कुणी पहाटे गेलं तर कुणी काही म्हणत नव्हतं. सकाळी मी बूट घातले. आजोबांनी माझ्या बुटांकडे बघितलं आणि फाटकाची कडी काढली. ती गंजून जाम झाली होती, दोनदा ओढावी लागली. मी दुसरीकडे बघत राहिले. सात मिनिटांच्या वाटेला आम्हांला पंधरा लागली. मला दम लागत होता आणि त्यांना, मला वाटतं, वेळ हवा होता.

वाळू खरंच फरशीसारखी होती. एवढ्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, मी ऐकलं नव्हतं. समुद्र लांब गेलेला, खेकड्यांनी काढलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी, आणि बनाकडे तो कट्टा. कारकून आणि तांडेल दोन टोकांना बसले होते. मध्ये जागा होती. नियमाप्रमाणे अंतर ठेवलं होतं की ती पोस्टमनची जागा होती, ते मी विचारलं नाही.

आजोबा कट्ट्यापासून दहा पावलांवर थांबले. मीही थांबले. मला वाटलं, आता वळतील. मी वळायची तयारी पण केली.

तांडेलांनी कपाळावर हात धरून बघितलं आणि ओरडले, "काय रे! फार लांबली तुझी अष्टमी!"

आजोबांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. पाठ थोडी हलली.

"संपली," ते म्हणाले. आणि पुढे झाले. बसले नाहीत त्या दिवशी. कट्ट्याला हात लावला, पोस्टमन जिथे बसायचे तिथे, आणि म्हणाले, "चला, पाणी चढतंय." मग तिघे सुरूच्या बनापासून खाडीकडे निघाले, मोठमोठ्याने बोलत, आणि मी मागून, बुटात वाळू घेऊन.

सगळं एका दिवसात बरं झालं, असं लिहिणार नाही. आजोबांची ती गोळी आणखी सहा महिने चालली. अधूनमधून झोपाळा अजूनही थांबतो. मग मी कॅलेंडरसमोर जाऊन मोठ्याने तिथी वाचते. पोस्टमनच्या जागेवर कधी कोण बसतं, कधी कोण नाही. मी बसत नाही, मला चालायचं असतं. बूट मी सोडले. त्या ओल्या वाळूत अनवाणी जास्त बरं. माझ्या डांबरी रस्त्यावरच्या मैत्रिणींनी मला नावं ठेवली. मग एकेक करून त्याही आल्या.

तर तुझ्या कागदाबद्दल. मनःस्थितीच्या रकान्यात आजोबांनी सांगितलं तेच लिही, एक ते पाच सगळे आकडे. ते थट्टेत बोलले, पण उत्तर बरोबर होतं, आणि माझ्यापुढचा चार खोड. आठवड्यातून किती दिवस, याचं उत्तर आठवड्यात बसत नाही. पंधरवड्यातून तेरा लिही. आणि "रोज किती वाजता" पुढे लिही, तिथीप्रमाणे. तुझ्या बाईंना कळणार नाही. विचारतील, तेव्हा त्यांना पाऊणपटीचा हिशेब करून दाखव.

आता थांबते. पंचमी आहे, पावणेदहाला निघायचं आहे, आणि फाटकाची कडी वाजलेली मला ऐकू आली.